डावीकडची खुर्ची

परळच्या एका मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. किती मुली हाताखालून गेल्या याचा आता अंदाजही नाही. पण तुमचा सगळ्यात आवडता विद्यार्थी कोण, असं कोणी विचारलं तर डोळ्यांसमोर जो चेहरा येतो तो शाळेतला नसतो आणि मुलीचाही नसतो. तो असतो आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजाऱ्यांचा, शांताराम तावडे यांचा. वयाने माझ्याहून मोठे, ओठांवर बारीक मिशी, आणि पोटापाण्यासाठी विमान चालवणारे.

मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. माझे यजमान माझगावच्या गोदीत नकाशे काढायच्या कामावर होते आणि आमचं लग्न नवं होतं. भिंतीपलीकडे भाऊजी आणि त्यांची आई, एवढीच माणसं. आईंना सगळी चाळ तावडेकाकी म्हणायची. काकी मालवणकडच्या. मुंबईत हयात काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती.

चाळीतले बाकीचे पुरुष पाळीवर जायचे. भाऊजी मात्र ‘उडायला’ जायचे. त्या काळी डाकोटा विमानांतून माल वाहून नेणाऱ्या छोट्या कंपन्या होत्या. त्यांतल्याच एकीत ते सेकंड पायलट होते, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीतले. डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन बसतो. भाऊजी संध्याकाळी जिना चढून आले की आज काय नेलं ते विचारावंच लागत नसे. वासावरून कळायचं. मे महिन्यात त्यांच्या अंगाला हापूसचा घमघमाट यायचा. कधी काथ्याचा वास, कधी कोऱ्या मांजरपाटाच्या गठ्ठ्यांचा. एकदा नुकत्याच जन्मलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या पेट्या नेल्या होत्या, तेव्हा काकींनी त्यांना सरळ नळावर पाठवलं. “पयलो न्हाऊन ये, मगे घरात पाय टाक,” म्हणाल्या. भाऊजी खांद्यावर टॉवेल टाकून निमूट नळाकडे गेले आणि वाटेत मला म्हणाले, “वहिनी, पिल्लं सगळा वेळ गप्प होती हो. इंजिन बंद केल्यावर जी चिवचिवायला लागली!”

त्यांच्या सवयी चाळीच्या चेष्टेचा विषय होत्या. खोली बंद करून निघताना ते प्रत्येक वस्तूला हात लावत आणि मोठ्याने म्हणत, “स्टो, बंद. दिवा, बंद. खिडकी, कडी. कुलूप.” मग कुलूप ओढून बघत. जिन्यापर्यंत गेले की परत येऊन पुन्हा ओढत. त्यांना काहीही विचारा, एका झटक्यात उत्तर मिळायचं नाही. “भाऊजी, वाळवण घालू का, पाऊस येईल?” असं विचारलं तरी, “बघून सांगतो,” म्हणून ते गॅलरीच्या टोकाला जात, तिथल्या खांबाला धरून आभाळ बघत आणि परत येऊन सांगत. त्यांचा अंदाज कधी कधी चुकायचा. पण न बघता दिलेलं उत्तर त्यांच्याकडून कोणी ऐकलं नाही.

खांबाला धरून म्हटलं, कारण या वैमानिकाला उंचीची भीती होती. गॅलरीच्या कठड्याला ते कधी टेकायचे नाहीत, भिंतीच्या बाजूने चालायचे. दिवाळीत आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढायची वेळ आली की काकी मला हाक मारत. मी चढायची, आणि विमान चालवणारा त्यांचा मुलगा खाली स्टूल घट्ट धरून उभा असायचा. “अहो, तुम्ही ढगांच्या वर जाता आणि हे काय?” असं मी एकदा न राहवून विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, “वर उंची नसतेच वहिनी. वर नुसता आकडा असतो, उंची मोजायच्या घड्याळात. उंची इथे आहे, या कठड्यापाशी.”

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. चाळीच्या भिंतींवर गेरूने घोषणा रंगवल्या होत्या, आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. काकीसुद्धा बायकांच्या मोर्चाला एकदा जाऊन आल्या होत्या आणि घसा बसल्यामुळे दोन दिवस खुणांनी बोलत होत्या. अशा वेळी चाळीतल्या गिरणीवाल्यांना भाऊजींना डिवचायला भारी आवडायचं. “काय रे शांताराम, तू वरून बघतोस ना? मग सांग, मुंबई कोणाची दिसते?”

भाऊजींचं उत्तर ठरलेलं. “बघून सांगतो.”

आणि खरंच, पुढच्या फेरीहून आल्यावर त्यांनी गॅलरीत बसलेल्या मंडळींना सांगितलं, “वरून रेघ कुठेच नाही दिसत. पण देशावरून येताना घाट संपतो, खाली खाडी चमकते आणि मग गिरण्यांची धुरांडी दिसायला लागतात. तेव्हा मनात येतं, आलं आपलं.” कोणी हसलं नाही. गिरणीत माग चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या साच्यावाल्याने नुसती मान डोलावली.

भाऊजी विमानापर्यंत पोचले कसे, हे काकींकडून मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते मॅट्रिक झाले आणि त्याच पावसाळ्यात वडील गेले. वडील गिरणीत विणकर होते. कॉलेजचा विषयच संपला. गावच्या कोणा नातेवाइकाच्या ओळखीने जुहूच्या विमानतळावर हँगरमध्ये पुसापुशीचं काम मिळालं. विमान धुता धुता इंजिन उघडायला शिकले, मेकॅनिक झाले. तिथल्या फ्लाइंग क्लबात कामाच्या बदल्यात थोडं थोडं उडायला मिळत गेलं. बरीच वर्षं गेली, पण माल नेण्यापुरतं लायसन्स हाती आलं. काकी हे सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, “माझो झील इमान चालयता, ता खरा. पन तो वर असलो की माझा काळीज खाली रवणा नाय.”

काकींचं काळीज जागेवर नसायचं ते उगाच नव्हे, हे मला एका पावसाळ्यात कळलं.

त्या दिवशी भाऊजी दुपारीच घरी आले. अंगाला कसलाच वास नव्हता. काकी बाजारात गेल्या होत्या. मी दार उघडं टाकून वह्या तपासत बसले होते. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, जरा पाणी देता?” त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग तिथेच उंबऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं.

बेळगावला माल घेऊन निघाले होते. कॅप्टन होते पिंटो, जुने, नावाजलेले, स्वभावाने मायाळू. घाटावर ढग दाट होता. पिंटो जमीन शोधण्यासाठी विमान खाली खाली घेत होते. “मी म्हटलं, सर, वर घेऊ या. ते म्हणाले, जमीन आत्ता दिसेल. मी परत म्हटलं. तर म्हणाले, तावडे, कॅप्टन कोण आहे? मी गप्प बसलो. आणि मग ढग फाटला, वहिनी. माझ्या बाजूच्या खिडकीत पानं दिसली. झाड नाही म्हणत मी. पानं. एकेक सुटं पान.”

पिंटोंनी विमान वर ओढलं आणि मुंबईला परत आणलं. हँगरपाशी उतरल्यावर पिंटोंनी त्यांना सिगारेट दिली, आपल्या हाताने पेटवून दिली आणि म्हणाले, “पुढच्या वेळी ओरड.”

भाऊजी तांब्याकडे बघत राहिले. “मला ओरडायचं नाही, वहिनी. मला ठरवायचंय.”

“मग ठरवणारे व्हा की,” मी म्हटलं.

“त्याला मोठं लायसन्स लागतं. एअरलाइनचं. तरच डावीकडे बसवतात.”

“मग ते काढा.”

“त्याला पदवी लागते.”

“कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना ठाऊक आहे. मी क्लबात होतो तेव्हापासून ऐकतोय. बी.ए., बी.एस्सी. काहीतरी हवंच. तिथली मुलं सगळी कॉलेजातली.”

“तुम्ही स्वतः बघितलंत? विचारलंत कुठे?”

ते उत्तर द्यायला तोंड उघडणार होते, पण थांबले. कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या या माणसाने ही एकच गोष्ट इतकी वर्षं न बघता मानली होती. ते उठले, तांब्या मला दिला आणि अगदी हळू म्हणाले, “बघून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी ते फोर्टमध्ये विमान खात्याच्या कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले ते घामाने निथळत. मी घाबरून विचारलं, काय झालं. ते हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. हसता हसता भिंतीला टेकले.

“चालत आलो, वहिनी. ट्राममध्ये बसायचंच विसरलो.”

तिथे एक मद्रासकडचे वयस्क अधिकारी होते. भाऊजींनी भीत भीत विचारलं, पदवी नसली तर मोठ्या लायसन्सला बसता येतं का. त्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हटलं, “मॅट्रिक आहेस ना? मग पुरे. तास भरलेत? तब्येत चांगली आहे? परीक्षा पास हो आणि उडवून दाखव. विमानाला तुझं कॉलेज काय करायचंय?”

“एवढंच,” भाऊजी म्हणाले. “वहिनी, एवढंच होतं.”

पण तेवढंही कमी नव्हतं. हवामान, इंजिन, कायदे, रेडिओ या सगळ्यांचे पेपर होते, आणि सगळ्यांत अवघड दिशाशास्त्र. त्यात गोलावरची त्रिकोणमिती. ती आली की भाऊजींचं मॅट्रिकचं गणित संपायचं. शिवाय वेळ फार नव्हता. मालवाहू कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या, त्यांच्या कंपनीचीही काही विमानं उभीच होती. कंपनी बुडायच्या आत हे लायसन्स मिळालं तर मोठ्या कंपनीचं दार उघडणार होतं. नाहीतर परत हँगर, परत फडकं.

ते माझ्याकडे शिकायला यायला लागले. मी शाळेतून आले, चहा झाला की दार सताड उघडं ठेवून आमची शिकवणी चालायची. यजमान खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे, पण त्यांचं लक्ष आमच्या पाटीकडेच असायचं. समोरच्या खोलीतल्या बाई एकदा जाता जाता म्हणाल्या, “मास्तरीणबाई, शिष्य बराच मोठा मिळाला तुम्हांला!” त्यांचा सूर काही चांगला नव्हता. काकींनी तो ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्या तांदळाचं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसायला लागल्या. शिकवणी संपेपर्यंत निवडलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडायच्या. पुढे कोणी काही बोललं नाही.

खरं सांगायचं तर ही त्रिकोणमिती मलाही नीट आठवत नव्हती. मी आधी स्वतः शिकायची आणि मग त्यांना शिकवायची. सपाट नकाशावरची सरळ रेघ ही पृथ्वीवरची जवळची वाट नसते, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. शेवटी मी काकींच्या घरातून एक सोललेला नारळ आणला, त्यावर खडूने मुंबई काढली, लांब पलीकडे एक दुसरं गाव काढलं आणि दोन्हींमध्ये दोरा ताणून धरायला सांगितला. भाऊजींनी दोरा ताणला. तो आपोआप वर सरकला आणि वळणाने जाऊन बसला. ते कितीतरी वेळ तो दोरा सैल करत होते आणि पुन्हा ताणत होते.

“पण वहिनी, ही पृथ्वी लांबट आहे.”

“खरीसुद्धा काही अगदी गोल नाही,” यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले.

तेवढ्यात उंबऱ्यातून काकींचा आवाज आला. “तुमची पृथ्वी झाली काय? माका सोलकढी करूची आसा.” त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून पृथ्वी प्यायली.

एवढं करून पहिल्या खेपेला ते नापास झाले. बाकीचे पेपर सुटले, दिशाशास्त्राचा राहिला. गणितं येत नव्हती म्हणून नव्हे. प्रत्येक गणित सोडवून झालं की ते पुन्हा तपासायचे, मग आणखी एकदा. पेपर काढून घेतला तेव्हा शेवटचे प्रश्न कोरेच होते. ज्या सवयीने त्यांना हवेत सांभाळलं होतं, तिनेच त्यांना टेबलाशी बुडवलं.

त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. भिंतीपलीकडून ताट-वाट्यांचे आवाज यायचे, बोलणं ऐकू यायचं नाही. एके संध्याकाळी मीच त्यांच्या दारात गेले. भाऊजी जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होते.

“कॉलेजवाल्यांचीच कामं असावीत ही, वहिनी,” ते मान वर न करता म्हणाले. “त्यांना सवय असते.”

“मी कॉलेजवाली आहे ना? मला हे गणित तुमच्याबरोबरच शिकावं लागलं. उद्या संध्याकाळी या.”

“आणि काय करू?”

“तपासायचं कमी करायला शिका.”

ते शिकवणं नारळापेक्षा अवघड गेलं. एक गणित सोडवून एकदा तपासलं की मी त्यावर माझी पाटी उलटी ठेवून द्यायची. “झालेलं गणित माझं, उरलेलं तुमचं.” सुरुवातीला ते कासावीस व्हायचे. पाटीच्या कडेखालून बघायचा प्रयत्न करायचे. काकी सुपातून डोकं वर काढून ओरडायच्या, “झिला, तिचा हा ता! तुझा न्हय!” हळूहळू त्यांना सोडून पुढे जाणं जमायला लागलं. एकदा त्यांनी आख्खा जुना पेपर वेळेच्या आत संपवला आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या खेपेचा पेपर नेमका हरताळाच्या दिवशी आला.

सकाळपासून लालबाग बंद होतं. ट्राम नाही, बस नाही. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण माणसं आत गेली नाहीत. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” एवढा एकच आवाज येत होता, कधी जवळून, कधी लांबून. भाऊजी फोर्टपर्यंत चालत जायला निघाले. त्यांना एकट्याला सोडवेना म्हणून यजमानही बरोबर निघाले. पुढचं सगळं यजमानांनी मला सांगितलेलं आहे, आणि ते त्यांनी आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

भाऊजींच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत लांब टोकांचा पोलादी कर्कटक, लाकडी पट्ट्या आणि नकाशाची गुंडाळी. चाळीच्या तोंडाशी आमच्याच पोरांनी रस्ता अडवला होता. “शांताराम, आज कामावर?” “काम नाही रे, परीक्षा आहे.” ती पोरं बाजूला झाली आणि एकाने तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. पण भायखळ्याला पोलिसांनी अडवलं. पिशवी उघडली. कर्कटक बाहेर काढून एका शिपायाने त्याच्या टोकावर बोट टेकवलं आणि हवालदारांना हाक मारली. मग नकाशा उलगडला. त्यावर पेन्सिलीच्या रेघा, बाण, आकडे.

हवालदार साताऱ्याकडचे होते, पोक्त, कल्लेदार मिशांचे. “हे काय? कुठं कुठं मोर्चे निघणार त्याच्या खुणा का?”

“नाही साहेब. वारा आहे तो.”

“काय आहे?”

“वाऱ्याची दिशा. विमानासाठी.”

“तू विमानात काय करतोस?”

“चालवतो.”

हवालदारांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “बी.ए. झालास?”

“नाही.”

“मग विमान कोण देतंय तुला?”

“देतात साहेब. त्याचीच परीक्षा आहे आज. तुम्ही सोडलंत तर.”

यजमान सांगत, “मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली होती.” हवालदारांनी नकाशा सुलट्याचा उलटा करून पाहिला. पुण्याच्या खाली बोट ठेवून विचारलं, “सातारा कुठाय यात?” भाऊजींनी दाखवला. “आणि कऱ्हाड?” तेही दाखवलं. “कऱ्हाडवरनं गेलायस कधी?” “जातो. नद्यांचा संगम दिसतो, एक नदी गढूळ असली तर दोन्ही पाणी वेगळी ओळखू येतात.” हवालदारांनी नकाशाची गुंडाळी करून ती स्वतःच्या काखेत मारली आणि म्हणाले, “चला. पुढं अजून तीन ठिकाणी अडवतील तुम्हांला. मी सोडतो.”

आणि ते सोडायला गेले. भाऊजींचा दंड धरून, भराभर, थेट फोर्टातल्या त्या दगडी इमारतीच्या जिन्यापर्यंत. वर बसलेल्या उमेदवारांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना वाटलं, तावड्यांना पकडून आणलं. पर्यवेक्षक धावत खाली आले. हवालदारांनी काखेतला नकाशा काढून भाऊजींच्या हातात दिला. “लिव्हा नीट,” एवढंच म्हणाले आणि आल्या वाटेने निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, याची हळहळ भाऊजींना पुढे कायम होती.

पेपर पूर्ण झाला. लेखी सुटलं. मग उडायची परीक्षा. त्यात डोळ्यांपुढे आडोसा लावतात, बाहेरचं काही दिसू देत नाहीत, नुसत्या काट्यांवर विमान चालवायचं. मध्येच परीक्षकाने एक इंजिन बंद केलं. “मग?” आम्ही विचारलं. “मग दुसऱ्यावर आलो,” भाऊजी म्हणाले. याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. निकाल मात्र लगेच कळला नाही.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत ते जेवत होते, कामावर जात होते, पण माणूस जागेवर नव्हता. एकदा खोलीला कुलूपच न लावता निघून गेले. काकींनी ते पाहिलं आणि त्या माझ्याकडे येऊन रडल्या.

मग तो रविवार आला. चाळीखाली शहाशेठचं औषधाचं दुकान होतं आणि सगळ्या चाळीचा टेलिफोन तिथे. मोर्चा आला की शहाशेठ फळ्या लावायचे, मोर्चा गेला की काढायचे, आणि फोन आला की स्वतः रस्त्यात येऊन वर तोंड करून हाक मारायचे. “तावडे! फोन! हापिसातून!”

भाऊजी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. ते उठले आणि पुन्हा बसले.

“आये, तू जा.”

“मी? माका फोन खंय येता?”

“तू जा. मला नाही जमणार.”

काकींनी आयुष्यात फोन कानाला लावला नव्हता. पण मुलाचा चेहरा बघून त्या पदर खोचून निघाल्या. मी, यजमान, समोरच्या बाई, सगळे गॅलरीत गोळा झालो. वरून दुकानाचा ओटाच तेवढा दिसत होता. बऱ्याच वेळाने काकी बाहेर आल्या. त्यांनी वर बघितलं नाही. एकेक पायरी चढत, मध्ये दम घेत त्या आल्या. जिन्याच्या तोंडाशी भाऊजी उभे होते, साबण गालावरच वाळलेला.

“काय म्हणाले?”

काकी वैतागल्या होत्या. “कोण सायब हा तो! नुसतो ‘पास, पास’ करता. मी म्हटलंय, खंयचो पास? रेल्वेचो? तर हसाक लागलो मेलो.”

मग समोरच्या बाई जोरात ओरडल्या. हो, त्याच बाई. यजमानांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसले आणि त्यांनी कपाळ आईच्या गुडघ्याला टेकलं. काकी गोंधळून आमच्याकडे बघत होत्या. “अगो, पन खंयचो पास?” मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. शहाशेठ खालून विचारत होते, “काय झालं? सांगा तरी!”

मोठ्या कंपनीची मुलाखत त्यानंतर झाली. तिथे त्यांना अपेक्षित प्रश्न आलाच, कोणत्या कॉलेजात होता. भाऊजी म्हणाले, कुठल्याच नाही. मग गोलावरचं गणित कोणी शिकवलं? “शेजारच्या वहिनींनी,” त्यांनी सांगितलं, “नारळावर.” मुलाखत घेणारे आधी हसले आणि मग त्यांतल्या एकाने, कसं ते समजावून सांगा, असं खरोखरच विचारलं. भाऊजींनी हवेत नारळ धरून सांगितलं. त्यांना घेतलं. सुरुवातीला उजवीकडेच बसवलं, रीतच तशी असते. पण आता डावी खुर्ची कधी मिळेल एवढाच प्रश्न उरला होता.

ती मिळाली तेव्हा महाराष्ट्र राज्य आलं होतं.

मला त्यांचं शेवटचं दर्शन आठवतं ते त्याच दिवसाचं. शेवटचं म्हणजे चाळीतलं, मनात राहिलेलं. पुढच्या महिन्यात कंपनीने दिलेल्या जागेत मायलेकरं सांताक्रूझला राहायला गेली. मग पत्रं, लग्नाकार्यातल्या भेटी, एवढंच. पण माझ्यासाठी भाऊजी म्हणजे त्या सकाळचे भाऊजी.

मे महिन्याची पहिली तारीख. सगळ्या लालबागभर तोरणं, गुलाल, दारोदार रांगोळ्या. गिरणीवाल्यांनी सकाळपासून लेझीम काढलं होतं. भाऊजी उजाडता उजाडता दिल्लीहून आले होते. कॅप्टन म्हणून केलेली पहिली फेरी. खांद्यावरच्या नव्या पट्ट्यांसकट ते दारातून आत आले, काकींच्या पायांना हात लावला, अंगातला कोट उतरवला आणि दाराशी अंथरलेल्या चटईवर आडवे झाले. काकी चहा घेऊन येईपर्यंत त्यांना झोप लागली होती.

दहाच्या सुमाराला मिरवणूक आमच्या चाळीत शिरली. ढोल, ताशे, लेझमाचा छणछणाट, पोरांच्या आरोळ्या. गॅलरी नुसती दणाणत होती. मी धावत तावड्यांच्या दाराशी गेले. भाऊजी उताणे झोपले होते, तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर, दुसरा चटईबाहेर जमिनीवर पसरलेला. कपाळावर गुलालाचं बोट होतं. ते कोणी लावलं, त्यांना पत्ता नव्हता. काकी उशाशी बसून हातपंख्याने वारा घालत होत्या.

“सांगू का त्यांना, पुढे जाऊन वाजवा म्हणून?” मी विचारलं.

काकींनी मान हलवली. पंखा खाली ठेवला, उठल्या, गॅलरीत आल्या. कठड्यावरून वाकून, खाली ढोल वाजवणाऱ्या पोरांना म्हणाल्या,

“वाजया रे! जोरान वाजया! तो काय आता उठाचो नाय.”